घरविक्रीचे गद्य : चतुःसीमा आणि जाहिरात

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण घर बांधणाऱ्याचे हाल जाणते. घर विकणाऱ्याविषयी मात्र ती काहीच बोलत नाही. हे मौन एकट्या त्या म्हणीचे नव्हे. राहते घर विकणे ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळ काळ अडचणीची, कित्येकदा लाजेची मानली गेली, आणि तिच्याविषयी चारचौघांत मोठ्याने बोलण्याचा प्रघात नव्हता. परंतु लोक जे बोलत नव्हते ते लिहीत होते. कारण लिहिल्यावाचून घर एकाच्या हातून जात नाही आणि दुसऱ्याच्या पदरातही पडत नाही. घरविक्रीच्या निमित्ताने मराठीत असे दोन गद्यप्रकार रूढ झाले आहेत. एक खरेदीखत आणि दुसरा वृत्तपत्रातील, आता दूरध्वनीच्या पडद्यावरीलही, 'विकणे आहे' ह्या मथळ्याची जाहिरात. पहिल्याकडे इतिहाससंशोधकांनी साधन म्हणून पाहिले व वकिलांनी शस्त्र म्हणून पाहिले. दुसऱ्यात पाहण्याजोगे काही आहे असे अभ्यासकांस फारसे वाटलेले दिसत नाही. हे दोन प्रकार गद्य म्हणून, म्हणजे कोणी, कोणास उद्देशून, काय सांगितले आणि काय गाळले ह्या दृष्टीने, शेजारी शेजारी ठेवून वाचावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तसे वाचू लागल्यावर जी गोष्ट प्रकर्षाने जाणवली ती आरंभीच सांगून टाकतो. ज्या घरात मनुष्य वीस-तीस वर्षे राहिला त्या घराविषयी त्यास जे ठाऊक असते ते ह्या दोहोंपैकी एकाही प्रकारात उतरत नाही. खरेदीखत विकणाऱ्याच्या हक्काविषयी बोलते, जाहिरात घेणाऱ्याच्या इच्छेविषयी बोलते; घराविषयी बोलणारे गद्य ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावयास हवे होते, ते तेथे नाही.

असे का व्हावे ह्याचा विचार करताना कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील नववा अध्याय उपयोगी पडतो. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रा. कंगले यांच्या संपादनामुळे तो आता सर्वांस सुलभ आहे. वास्तू विकावयाची असता ती घेण्याचा अधिकार प्रथम ज्ञातींचा, मग सामंतांचा म्हणजे शेजाऱ्यांचा, त्यानंतर धनिकांचा म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांचा, आणि त्यांनी कोणी घेतली नाही तरच बाहेरच्यांचा, असा क्रम तेथे सांगितला आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. घर विकावयाचे ते घरासमोर, शेजारच्या चाळीस कुटुंबांच्या देखत पुकारावयाचे. शेत, बाग, तळे इत्यादींच्या बाबतीत मर्यादा सांगावयाच्या. 'ह्या किमतीस कोण घेतो' असे तीन वेळा विचारावयाचे, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणजे घेणाऱ्याने घ्यावयाचे. चढाओढीने किंमत वाढलीच तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जावयाची.

ह्या शेवटच्या नियमाकडे अर्थशास्त्राचे अभ्यासक महसुलाची बाब म्हणून पाहतात. गद्याच्या अभ्यासकाने त्याकडे निराळ्या नजरेने पाहावे. वाढीव किंमत विकणाऱ्याच्या पदरात पडणारच नसेल तर घराची स्तुती करण्यात त्याचा लाभ काय? आणि ज्यांच्या देखत स्तुती करावयाची ते चाळीस शेजारी असतील, तर ती करण्याची सोय तरी कोठे राहिली? विहिरीचे पाणी वैशाखात आटते, मागची भिंत एकदा बसली होती, हे सर्व त्या चाळीस घरांना ठाऊक असते. तेव्हा पुकारणाऱ्याने सांगावयाचे ते एवढेच की घर हे, मर्यादा ह्या, किंमत ही. वर्णन आखडते राहते ते विकणारा सत्यवादी असतो म्हणून नव्हे. श्रोता जाणता असतो म्हणून. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे अर्थात कारण नाही. शेजाऱ्यांचा अग्रहक्क म्हणजे परक्यास दार बंद, आणि परके कोणास म्हणावयाचे हे ठरविणाऱ्यांनी आपल्या समाजात काय केले ते सर्वश्रुत आहे. आणि हे नियम प्रत्यक्षात कितपत पाळले जात हाही प्रश्न निराळाच. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की घरविक्रीचे भाषण कोणासमोर होते यावर त्या भाषणाचे रूप ठरते.

आता खरेदीखताकडे वळू. कौटिल्यापासून आपल्या खतापर्यंत सलग परंपरा आहे असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही. पण रचनेचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मराठी खरेदीखताचा कणा म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस तमक्याची बखळ, उत्तरेस बोळ, 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत'. ह्या वर्णनात घर स्वतः कसे आहे ह्याविषयी एक अक्षर नसते. घराची ओळख ते ज्यांच्या मध्ये उभे आहे त्यांच्यावरून पटवावयाची. जणू घर म्हणजे चार शेजाऱ्यांनी सोडलेली जागा. शेजारी मरतात, घरे हस्तांतरित होतात आणि 'पूर्वेस अमक्याचे घर' हे वाक्य तीस वर्षांनी कोर्टात पाच साक्षीदारांचे काम होऊन बसते, ही गोष्ट खरी. पण जोवर ती माणसे असतात तोवर चतुःसीमा ही साक्षच असते. ते चौघे खताच्या तळाशी सही करोत वा न करोत, ते खताच्या आत उभे असतात.

चतुःसीमेच्या पाठोपाठ येते ते जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत देण्याचे कलम. पेशवाईतील इनामपत्रांतून आपल्या ओळखीचा झालेला हा शब्दसमूह शेतजमिनीच्या आणि घराच्या खतांतूनही वावरत राहिला. कोणाच्या लक्षात न आलेले पुरलेले धनसुद्धा देऊन टाकण्याचा त्यातील मोकळेपणा मोठा विलक्षण आहे. शहरातील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या मसुद्यात हे तृण आणि पाषाण तसेच उतरले म्हणजे वाचताना हसू येते. पण त्या हसण्यात थोडा आदरही असावा. आपणांस ठाऊक नसलेलेही आपण राखून ठेवत नाही असे म्हणणारे हे गद्य आहे.

त्याचे व्याकरणही पाहावे. खतात कर्ता कधीच लपत नाही. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशी दोघांची नावे, बापाचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण हे सारे डोक्यावर घेतल्यावाचून खत पुढे सरकत नाही. 'आम्ही तुम्हांस ही मिळकत स्वखुषीने व अक्कलहुशारीने लिहून देतो', 'सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, अन्नवस्त्र इत्यादी बोजा नाही', 'असा कोणी हक्कदार निघून तुम्हांस तोशीस लागल्यास ती आम्ही आमच्या खर्चाने निवारून देऊ'. प्रथमपुरुषाने द्वितीयपुरुषास दिलेली ही वचने आहेत. भाषा रूक्ष आहे, कित्येकदा कंटाळवाणी आहे, एकाच क्रियापदाच्या गळ्यात दीड पानाचे वाक्य अडकवण्याची तिला खोड आहे. तथापि त्या वाक्याला शेवटी क्रियापद सापडते आणि त्या क्रियापदाला मालक असतो. 'तोशीस' ह्या एका शब्दात पुढच्या पन्नास वर्षांची भीती व तिची जबाबदारी ही दोन्ही सामावलेली आहेत.

परंतु ही वचने कशाविषयी आहेत? बोजा, गहाण, हक्क, वाटणी. म्हणजे घराच्या कागदाविषयी. छपराविषयी नाहीत, गटाराविषयी नाहीत, वरच्या मजल्यावर पहाटे चालणाऱ्या पाण्याच्या पंपाविषयी तर नाहीतच. खत 'निर्वेध' म्हणते तेव्हा कौले फुटलेली नाहीत असे त्यास म्हणावयाचे नसते. ही उणीव पूर्वी जाणवत नसावी. शेजारच्या माणसानेच घर घेतले तर त्याला छप्पर दाखवावे लागत नाही. घेणारा दूर गावाहून येऊ लागला तेव्हा ती उघडी पडली.

कायद्याने ती ओळखली होती, आणि फार पूर्वी ओळखली होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम असे सांगते, की विरुद्ध करार नसेल तर विकणाऱ्याने मिळकतीतील किंवा आपल्या हक्कातील असा महत्त्वाचा दोष घेणाऱ्यास सांगितला पाहिजे, जो त्याला स्वतःला ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्यास कळण्यासारखा नाही. न सांगणे हे कपट मानले आहे. हे कलम किती असामान्य आहे ते १८७२ च्या करार अधिनियमाचे सतरावे कलम शेजारी ठेवले म्हणजे कळते. तेथे नुसते मौन हे सामान्यतः कपट नव्हे. त्याखालचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याने घोड्याची खोड ठाऊक असूनही तोंड उघडले नाही, तरी ते कपट होत नाही. मात्र घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे बोलणे हे कर्तव्य ठरते. घोड्याच्या बाबतीत कायदा परक्याला परकेच ठेवतो. घराच्या बाबतीत त्याने, अगदी मुलीइतके नाही तरी, त्या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे.

पण कायद्याने कर्तव्य दिले तरी भाषा दिली नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत दोष सांगण्याचे एक रूढ मराठी वाक्य आपल्या मसुदेकारांनी घडविल्याचे दिसत नाही. 'तोशीस' सारखा एखादा शब्द ओलीसाठी, भेगेसाठी, उधईसाठी तयार झाला नाही. उलट 'मिळकत पाहून, समजून, खात्री करून घेतली आहे' असे वाक्य मात्र घेणाऱ्याच्या तोंडी घातले गेले आणि ते चांगले रुळले. बोलण्याचे कर्तव्य एकाचे आणि वाक्य दुसऱ्याच्या तोंडी, अशी ही गंमत आहे.

आता जाहिरात. तिचा मथळाच मुळी व्याकरणदृष्ट्या चिंतनीय आहे. 'विकणे आहे'. 'भाड्याने देणे आहे', 'पाहिजेत', 'विकणे आहे' ह्या मराठी जाहिरातीने स्वतःसाठी घडविलेल्या क्रियारूपांत कर्ता नाही. विकणारा कोण, का विकतो, केव्हापासून राहतो, ह्यांपैकी काही नाही; एक क्रिया आहे आणि तिच्याखाली दूरध्वनीचा क्रमांक आहे. खताच्या 'आम्ही तुम्हांस लिहून देतो' शी हे रूप ताडून पाहावे. कर्ता गेला की वचनही जाते. क्रमांकाला कोणी तोशीस मागू शकत नाही.

कर्त्याची रिकामी झालेली जागा विशेषणांनी भरली आहे. 'प्रशस्त', 'हवेशीर', 'भरपूर सूर्यप्रकाश', 'मोक्याच्या ठिकाणी', 'वास्तुशास्त्रानुसार', 'त्वरित ताबा'. ही विशेषणे वधूवरांच्या जाहिरातीतील 'सुस्वरूप' आणि 'मनमिळाऊ' यांची सख्खी भावंडे होत. ती खोटी असतातच असे नाही. त्यांचा दोष असा की ती कोणत्याही घरास लावता येतात आणि म्हणून कोणत्याच घराविषयी काही सांगत नाहीत. 'हवेशीर' हे विशेषण ज्या घरात खरोखर राहिलेल्या माणसाने वापरले असते, तर त्याने कोणत्या महिन्यात कोणत्या खिडकीतून वारा येतो हे सांगितले असते. आणि चतुःसीमेची जागा घेतली आहे अंतराने. 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटे', 'शाळा, बाजार, दवाखाना जवळ'. खतात घर शेजाऱ्यांच्या मध्ये असे. जाहिरातीत ते शेजाऱ्यांपासून सुटून स्टेशनला बांधले गेले आहे. घेणारा येथे राहावयास येणार, ह्यापेक्षा तो येथून रोज बाहेर पडणार, ही गोष्ट जाहिरातीस अधिक महत्त्वाची वाटते. मुंबईच्या जीवनाकडे पाहता ती अगदीच चूक म्हणता येणार नाही.

शेजारी जाहिरातीतून सर्वस्वी नाहीसे मात्र झालेले नाहीत. 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' ह्या तीन शब्दांत ते परत येतात, आणि फार वाईट रूपाने येतात. परक्याशी व्यवहार करावयाचा म्हणून जिने आपला सारा शब्दसंग्रह बदलला, तीच जाहिरात येथे अमुक परका नको असे सांगते. आणि तेही कर्ता न दाखवता. कौटिल्याच्या सामंतांस निदान समोर येऊन किंमत द्यावी लागत होती.

नाटककारांच्या हे ध्यानात आलेले आहे. चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' मध्ये (१९०४) लोपाखिन पहिल्याच अंकात मालकिणीला तिच्या इस्टेटीची जणू जाहिरातच ऐकवतो. शहर वीस व्हर्स्टांवर आहे, आगगाडी जवळून जाते, बागेचे तुकडे पाडून उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या. त्याचे गणित बिनचूक आहे. तिच्या भावाचे उत्तर असे, की ह्या बागेचा उल्लेख विश्वकोशात आहे. एकजण अंतर सांगतो, दुसरा कीर्ती सांगतो. बागेत प्रत्यक्ष राहिलेल्यांचे ज्ञान दोघांच्याही बोलण्यात नाही, आणि ऑगस्टच्या बावीस तारखेला लिलाव होतो तो ह्या न जुळलेल्या दोन भाषांच्या मधल्या जागेत. त्याच्याही आधी, १७७९ साली, शेरिडनने 'द क्रिटिक' मध्ये मिस्टर पफ नावाचे पात्र उभे केले. लिलाववाल्यांना अतिशयोक्तीची व अलंकारांची शिकवण आपणच दिली असे तो अभिमानाने सांगतो. म्हणजे घरविक्रीच्या विशेषणांची थट्टा इंग्रजी रंगभूमीवर अडीचशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. विशेषणे तरीही जिवंत आहेत, यावरून थट्टेची शक्ती किती ते समजावे.

ह्या संदर्भात लंडनच्या रॉय ब्रुक्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९५० व १९६० च्या दशकांत चेल्सीतील ह्या घरदलालाने रविवारच्या वृत्तपत्रांतून ज्या जाहिराती दिल्या, त्यांत घराची घाण, पडझड, मागील मालकाची अभिरुची, काहीही झाकले जात नसे. उलट ते चवीने सांगितले जाई. लोक त्या जाहिराती घर घ्यावयाचे नसतानाही वाचत. पुढे त्यांचे 'ब्रॉथेल इन पिम्लिको' व 'मड, स्ट्रॉ अँड इन्सल्ट्स' हे संग्रह निघाले. दलालाच्या जाहिरातींना ग्रंथरूप मिळावे, हा मान थोडा नव्हे. ब्रुक्सचे गद्य चुरचुरीत आहे हे मान्य करूनही मला ते प्रामाणिकपणाचा आदर्श वाटत नाही. त्याने स्तुतीच्या जागी निंदा घातली, पण विशेषणाचे राज्य तसेच ठेवले. लंडनमधील पडक्या घरांना पैसेवाले गिऱ्हाईक मिळू लागलेल्या त्या काळात पडकेपणा हेच आमिष होते. ते त्याने अचूक हेरले. घर घाणेरडे आहे असे हसत हसत सांगणारा माणूस पाणी कोणत्या भिंतीतून झिरपते ते सांगतोच असे नाही. इंग्लंडने नंतर १९९१ साली मिळकतीच्या चुकीच्या वर्णनाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला व २०१३ साली तो रद्द करून ग्राहकसंरक्षणाच्या सामान्य कायद्यावर काम सोपवले. त्या कायद्याने असत्य विधानास पकडता येत होते. विशेषण हे विधानच नव्हे, त्यास कोण पकडणार?

आपल्याकडील स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ सालचा. महाराष्ट्रात त्याखालील प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम पाहू लागले. बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून कोणाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते असे त्याचे बारावे कलम म्हणते. ही मोठी गोष्ट आहे. जाहिरातीच्या गद्याला तिने प्रथमच खताचे वजन दिले. त्याच कायद्याने 'सुपर बिल्टअप' नावाच्या फुगलेल्या आकड्याचा आधार काढून घेऊन चटई क्षेत्राची व्याख्या केली. बाहेरच्या भिंती, नळांची पोकळी, खासगी सज्जा व गच्ची वगळून आणि आतल्या भिंती धरून जी वापरण्याजोगी जमीन उरते ती. 'कार्पेट' चे 'चटई' हे भाषांतर ज्याने केले त्याचे कौतुक वाटते. घरविक्रीच्या साऱ्या शब्दसंग्रहात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीतून घडलेला हा बहुधा एकच शब्द आहे, जेथे चटई अंथरता येते ती जागा आपली. परंतु ह्या कायद्याचा रोख नव्या प्रकल्पांवर व ते बांधून विकणाऱ्यांवर आहे. जुने राहते घर विकणाऱ्या गृहस्थाच्या चार ओळींच्या जाहिरातीस तो स्पर्श करीत नाही. त्या गृहस्थाला अद्याप १८८२ चे पंचावन्नावे कलमच लागू आहे, आणि त्या कलमाचे नाव त्याने क्वचितच ऐकलेले असते.

जाहिरातीपूर्वी घर तयार करावयाचे असते. डागडुजी, रंगरंगोटी, नळाला नवे वायसर. हे करण्यात गैर काही नाही. मुलगी दाखवतानाही घर झाडतात. परंतु चुन्याचा एक हात आणि 'प्रशस्त' हे विशेषण ह्यांचे काम एकच असू शकते. पावसाळ्यात ज्या भिंतीवर नकाशे उमटतात तिच्यावर फाल्गुनात रंग चढवून वैशाखात घर दाखवले, तर घेणाऱ्याने कितीही साधारण काळजी घेतली तरी त्याला काय दिसणार? त्यापुढचा प्रकार अमेरिकेतून आला आहे. त्यास तेथे 'स्टेजिंग' म्हणतात, आणि शब्द रंगभूमीचाच आहे. त्यात घरातून घरमालकाच्या खुणा काढून टाकण्याचा सल्ला असतो. भिंतीवरील वाडवडिलांच्या तसबिरी, मुलांच्या उंचीच्या रेघा, शक्य तर देव्हाराही. घेणाऱ्याला तेथे स्वतःला कल्पिता यावे म्हणून. इकडे त्याच आठवड्यात वकिलाच्या कचेरीत त्याच वाडवडिलांची नावे ओळीने खतात लिहिली जात असतात, कारण 'वडिलोपार्जित' हा शब्द सिद्ध केल्यावाचून हक्क पुरा होत नाही. जे भिंतीवर नकोत ते कागदावर हवेत. एकाच घराच्या दोन तयाऱ्यांतील ही विसंगती मला नेहमी चटका लावते.

किमतीविषयी थोडक्यात. खतात किंमत अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहितात आणि शेवटी 'मात्र' घालतात. ह्या 'मात्र' चा अर्थ 'थोडे' असा नाही; रक्कम येथे संपली, पुढे कोणी अक्षर घुसडू नये, म्हणून घातलेला तो अडसर आहे. जाहिरातीत त्याच 'मात्र' चा भाऊ 'फक्त' येतो, 'फक्त अमुक लाखांत', आणि तो अडसर नसून हाक असतो. शब्द जवळपास तोच. एकात रक्कम बांधली जाते, दुसऱ्यात ती लहान दाखवली जाते. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी बेकायदा ठरवली होती आणि १९९९ च्या कायद्याने ती घेण्यास मुभा दिली. मधल्या पन्नास वर्षांत 'समक्ष भेटा' ह्या शब्दांना जो अर्थ आला तो मुंबईकरास फोड करून सांगावयास नको. आज शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दरांचे तक्ते आहेत, आणि खतातील रक्कम व तक्त्यावरून निघणारे मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर मुद्रांक शुल्क द्यावे लागते. तेव्हा एकाच घरास मालकाच्या मनातली, जाहिरातीतली, तक्त्यातली आणि खतातली अशा चार किमती असतात. पैकी मनातली सर्वांत अधिक असते असा अनुभव आहे. तीस वर्षांच्या वास्तव्याची किंमत तीत मिळवलेली असते, आणि तिचा तक्ता कोणी काढीत नाही.

ह्या लेखाचे निमित्त सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकावर वडिलांचे घर विकण्याचा प्रसंग आला. जाहिरातीचा मसुदा मीच केला व त्यात, मराठीचा प्राध्यापक असल्याच्या भरात, एक वाक्य घातले : 'पश्चिमेकडील खोलीच्या भिंतीस आषाढ-श्रावणात ओल येते.' मध्यस्थाने ते खोडले. त्याने मला वेड्यात काढले नाही. शांतपणे एवढेच विचारले, की घेणारा आला म्हणजे तुम्ही हे तोंडाने सांगणार नाही का? मग छापता कशाला? मला उत्तर सुचले नाही. जाहिरात त्या वाक्यावाचून, 'हवेशीर' घालून प्रसिद्ध झाली. पुढे जो गृहस्थ घर पाहावयास आला त्याला मी सांगण्यापूर्वीच समोरच्या काकूंनी दारातूनच विचारले, 'ओलीचे सांगितले का हो यांना?' तो माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला आत नेऊन भिंत दाखवली. किमतीत थोडी घासाघीस झाली व सौदा ठरला. साठेखताच्या वेळी त्याने हट्ट धरला, की ओलीची गोष्ट कागदावर यावी. पुढे आपण नाकबूल केले असे कोणी म्हणावयास नको. वकिलांनी मसुदा वरून खाली दोनदा चाळला. बोज्यांच्या कलमात ती बसेना, हक्काच्या कलमात बसेना, 'पाहून समजून' च्या वाक्यात तर मुळीच बसेना. शेवटी त्यांनी पेन्सिलीने चतुःसीमेत, पश्चिमेच्या ओळीखाली, ती लिहिली.